आंतरराष्ट्रीय संशोधन-निधीसाठी अर्ज कसा करावा: दोन्ही बाजू पाहिलेल्या एका संशोधिकेचं टिपण

माझ्या पहिल्या प्रस्तावाचा मूल्यांकन अहवाल मी जपून ठेवला आहे. त्यात ‘पुरेसं स्पष्ट केलेलं नाही’ हे शब्द चार वेळा आले आहेत. पाणी गाळून शुद्ध करणाऱ्या पातळ पडद्यावर, म्हणजे मेम्ब्रेनवर, मी तेव्हा सहा वर्षं काम करत होते आणि त्या चारही प्रश्नांची उत्तरं मला पाठ होती. मेम्ब्रेन किती तासांत तुंबते, तुंबल्यावर कशाने धुवायची, मुख्य प्रयोग फसला तर दुसरा मार्ग कोणता, हे सगळं माझ्या प्रयोगशाळेच्या वहीत लिहिलेलं होतं. प्रस्तावात मात्र त्यातलं काहीच नव्हतं. काही वर्षांनी मला मूल्यांकनकर्ती म्हणून बोलावणं आलं. तिथे सुरुवातीलाच सांगतात की समोरच्या कागदांवर जे लिहिलं आहे त्यालाच गुण द्यायचे. अर्जदार हुशार आहे, त्याला हे नक्की माहीत असणार, असं गृहीत धरायचं नाही. त्या दिवशी माझ्या जुन्या अहवालाचा अर्थ मला नीट कळला. तो अर्थ तुम्हाला अर्ज करण्याआधीच कळावा, यासाठी हे लिहिते आहे.

मला सगळ्यांत जवळून माहीत आहे तो युरोपीय संघाचा ‘होरायझन युरोप’ हा कार्यक्रम, त्यामुळे बहुतेक उदाहरणं त्यातलीच येतील. पण कॉल (म्हणजे निधी देणाऱ्यांनी अर्ज मागवण्यासाठी काढलेलं आवाहन) वाचणं, भागीदार निवडणं आणि बजेट जुळवणं याबद्दल जे सांगते आहे, ते इतर सरकारी निधीलाही बहुतांशी लागू पडतं.

पैसा कोणाच्या तिजोरीतून येणार?

हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारते, कारण पुढची सगळी कामं त्याच्या उत्तरावर ठरतात.

काही कार्यक्रमांत निधीची एकच मध्यवर्ती तिजोरी असते. होरायझन युरोप असा आहे. २०२१ ते २०२७ या सात वर्षांसाठी त्यात ९० अब्ज युरोंहून अधिक रक्कम आहे. १९८४ साली सुरू झालेल्या युरोपीय चौकट-कार्यक्रमांच्या मालिकेतला हा नववा. इथे एकच अर्ज, एकच मूल्यांकन आणि सगळ्या भागीदारांचा मिळून एकच करार असतो.

दुसऱ्या प्रकारात अर्ज एकत्र जातो, पण प्रत्येक भागीदाराला पैसा त्याच्या स्वतःच्या देशाची निधी-संस्था देते. १९८५ साली सुरू झालेल्या युरेका या जाळ्यातला ‘युरोस्टार्स’ असा चालतो. नवं उत्पादन विकसित करणाऱ्या लहान-मध्यम कंपन्यांसाठी तो आहे. नेतृत्व अशाच कंपनीकडे असावं लागतं, किमान दोन देश लागतात आणि प्रकल्प ३६ महिन्यांच्या आत संपवायचा असतो. पर्यावरणीय बदलांवर काम करणाऱ्यांसाठीच्या बेल्मॉन्ट फोरमच्या कॉलमध्येही पैसा असाच ज्याच्या त्याच्या देशातून येतो. अशा कॉलमधली गोम अशी की प्रस्ताव कितीही चांगला ठरला, तरी एका भागीदाराच्या देशाने त्या वर्षी भाग घेतला नसेल किंवा तिथले पैसे संपले असतील, तर भागीदारांचा अख्खा संघ अडकतो. म्हणून इथे मूळ कॉलबरोबर प्रत्येक देशाचं राष्ट्रीय परिशिष्ट वाचावं लागतं. ते वाचायचं काम प्रत्येक भागीदाराकडे द्या आणि ‘आमच्या संस्थेशी बोललो, आम्ही पात्र आहोत’ असं लेखी मागवून घ्या. तोंडी भरवशावर राहिल्यामुळे आमचा एक चार देशांचा अर्ज पात्रतेच्या चाळणीतच गळाला. त्यामागे तीन महिन्यांची मेहनत होती.

तिसऱ्या प्रकारात संशोधनासाठी पैसा मिळतच नाही. तो मिळतो माणसं एकत्र यावीत म्हणून. १९७१ पासून चालू असलेला ‘कॉस्ट’ हा कार्यक्रम बैठका, प्रशिक्षण वर्ग आणि छोट्या अभ्यास-भेटींचा खर्च देतो. त्याचा एक प्रकल्प, ज्याला ते ‘अ‍ॅक्शन’ म्हणतात, चार वर्षं चालतो. यंत्रं आणि रसायनं यातून घेता येत नाहीत, त्यामुळे अनेकजण त्याकडे बघत नाहीत. माझं मत वेगळं आहे. ज्यांच्याबरोबर मी पुढे मोठा प्रकल्प केला, त्यांतले तिघे मला अशाच एका अ‍ॅक्शनच्या कार्यगटात भेटले. नवा अ‍ॅक्शन स्वतः सुचवायची गरज नाही, चालू असलेल्या अ‍ॅक्शनच्या कार्यगटात सामील होण्यासाठीही अर्ज करता येतो. आंतरराष्ट्रीय ओळखी नसलेल्या तरुण संशोधकाला मी सुरुवात इथूनच करायला सांगते.

याशिवाय जीवविज्ञानातल्यांसाठी ‘ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम’ आहे. १९८९ मध्ये तो सुरू झाला, त्याचं कार्यालय स्ट्रासबूर्गला आहे आणि अनेक देशांची सरकारं मिळून त्याला पैसा देतात. वेगवेगळ्या देशांतल्या आणि वेगवेगळ्या विषयांतल्या माणसांनी पहिल्यांदा एकत्र येऊन केलेलं काम त्यांना हवं असतं. प्राथमिक निष्कर्ष हाताशी असलेच पाहिजेत अशी अट नाही. आधी फक्त एक संक्षिप्त हेतुपत्र पाठवायचं आणि त्यातून निवडलेल्यांनीच पूर्ण अर्ज करायचा. जोखमीची पण सुंदर कल्पना डोक्यात असेल, तर हा कार्यक्रम जरूर पाहा.

मी पात्र आहे का?

पात्रतेत तीन गोष्टी वेगवेगळ्या असतात, आणि त्यांची सरमिसळ फार होते. तुमचं नागरिकत्व, तुम्ही कुठे काम करणार ती संस्था, आणि त्या संस्थेच्या देशाला पैसा मिळतो की नाही.

एकट्याने करायच्या अर्जांत नागरिकत्व सहसा आड येत नाही. युरोपियन रिसर्च कौन्सिल २००७ मध्ये स्थापन झाली. तिची अनुदानं जगातल्या कोणत्याही देशाच्या संशोधकाला खुली आहेत, पण यजमान संस्था युरोपीय संघातल्या किंवा होरायझनशी संलग्न असलेल्या, म्हणजे युरोपीय संघाबाहेरून करार करून त्यात सामील झालेल्या, देशातली हवी. सुरुवातीच्या टप्प्यावरच्यांना १५ लाख युरोंपर्यंत, स्थिरावलेल्यांना २० लाखांपर्यंत आणि ज्येष्ठांना २५ लाखांपर्यंत पाच वर्षांसाठी मिळू शकतात. वैज्ञानिक उत्कृष्टता हा तिथे एकच निकष. पीएचडीनंतर किती वर्षांच्या आत अर्ज करायचा याच्या मर्यादा बदलत असतात, म्हणून त्या चालू वर्षाच्या कार्यपत्रिकेतच, म्हणजे त्या वर्षीचे कॉल आणि नियम दिलेल्या अधिकृत दस्तऐवजातच, पाहा. एखाद्या वरिष्ठाच्या आठवणीवर विसंबू नका.

पीएचडी झालेल्यांसाठी मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी यांच्या नावाची पोस्टडॉक्टरल फेलोशिप आहे. तिच्या युरोपातच राहून करायच्या प्रकारातही नागरिकत्वाची अट नाही, पण स्थलांतराची आहे. कॉल बंद होतो त्या तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही यजमान देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले किंवा काम केलेले नसावे. परदेशात जाऊन, तिथली संस्था आवडून, मग याच फेलोशिपचा विचार करणारे बरेच जण या अटीत अडकतात. तिकीट काढण्याआधी हे गणित करा. स्पर्धाही समजून घ्या. २०२३ च्या कॉलमध्ये ८,०३९ अर्ज आले आणि १,२४९ जणांना फेलोशिप मिळाली, म्हणजे साधारण सहा-साडेसहा अर्जांमागे एक. नंतरच्या वर्षांत अर्जांची संख्या आणखी वाढली आहे.

संघाने करायच्या प्रकल्पांचं गणित वेगळं. किमान तीन स्वतंत्र संस्था, तीन वेगळ्या देशांतल्या, आणि त्यांतली एक तरी युरोपीय संघातली हवी. उरलेल्या दोन युरोपीय संघातल्या किंवा संलग्न देशातल्या चालतात. संलग्न देशांची यादी वाढत असते. ब्रिटन २०२४ पासून पुन्हा आला. न्यूझीलंड, कॅनडा आणि दक्षिण कोरिया फक्त दुसऱ्या स्तंभापुरते, म्हणजे जागतिक आव्हानांवरच्या सामूहिक प्रकल्पांपुरते, संलग्न झाले. ही किमान अट पूर्ण झाल्यावर जगातली कोणतीही संस्था चौथी, पाचवी म्हणून येऊ शकते. प्रश्न पैशाचा असतो. बऱ्याच अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या संस्थांना निधी आपोआप मिळतो, पण भारत, चीन, ब्राझील, मेक्सिको हे देश त्या यादीत नाहीत. तिथल्या संस्थेला सहसा स्वतःचा पैसा आणून ‘सहयोगी भागीदार’ म्हणून यावं लागतं. अपवाद असतो तो कॉलमध्येच तसं लिहिलेलं असेल तर, किंवा त्या संस्थेविना प्रकल्प होऊच शकत नाही हे पटवता आलं तर. असा सहयोगी भागीदार घेणार असाल, तर त्याचा खर्च कोण उचलणार हे प्रस्तावात साध्या शब्दांत लिहा. तिथे मौन बाळगलं की मूल्यांकनकर्त्याच्या मनात शंका राहते.

कॉल वाचायची माझी पद्धत

इथे मी रेंगाळणार आहे, कारण बहुतेक अर्ज माझ्या मते इथेच हरतात. लोक कॉलचं शीर्षक वाचतात, आपला विषय त्यात बसतो असं वाटतं आणि आधीपासून डोक्यात असलेला प्रकल्प लिहायला बसतात. मीही तेच केलं होतं. कॉल उद्योगांच्या सांडपाण्याचा पुनर्वापर वाढवण्यासाठी होता, आणि मी लिहिलं एका नव्या बहुलकाच्या (पॉलिमरच्या) मेम्ब्रेनविषयी. विज्ञान चोख होतं, पण विचारलेला प्रश्न वेगळा होता.

सामूहिक प्रकल्पांच्या कॉलमध्ये दोन भाग महत्त्वाचे असतात: अपेक्षित परिणाम आणि व्याप्ती. प्रकल्प संपल्यावर जगात काय बदललेलं हवं, ते पहिल्यात असतं. त्यासाठी कोणती कामं करावीत, ते दुसऱ्यात. मी कॉल कागदावर छापून घेते आणि त्यातल्या प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारते. ‘विकसित करावं’, ‘दाखवून द्यावं’, ‘तुलना करावी’, ‘धोरणकर्त्यांपर्यंत पोचवावं’ अशी प्रत्येक क्रिया म्हणजे एक मागणी. मग एक तक्ता करते. डावीकडे मागणी, मधे ती कोण पूर्ण करणार, उजवीकडे ती प्रस्तावाच्या कोणत्या पानावर दिसेल. उजवा रकाना रिकामा राहिला, तर तिथे गुण जाणार हे आधीच कळतं. हा तक्ता शेवटच्या दिवसापर्यंत माझ्या टेबलावर असतो.

‘किंवा’ आणि ‘आणि’ यांतला फरक बारकाईने पाहा. ‘खालीलपैकी किमान दोन’ आणि ‘खालील सर्व’ यांत तर जमीन-अस्मानाचा फरक आहे. तंत्रज्ञान-सज्जतेची पातळीही पाहा. १ ते ९ ही मोजपट्टी मुळात नासातून आली. १ वर मूळ तत्त्व कळलेलं असतं, ९ वर तंत्र प्रत्यक्ष वापरात असतं. कॉल ६ किंवा ७ वर पोचायला सांगत असेल आणि तुमचं काम ३ वर असेल, तर चार वर्षांत ते कसं पोचेल हे प्रामाणिकपणे लिहा. जमत नसेल तर दुसरा कॉल शोधा. पातळी फुगवून लिहिलेली पहिल्याच पानावर ओळखू येते.

नंतर कॉर्डिस हा मोफत डेटाबेस उघडा. युरोपीय संघाने निधी दिलेल्या संशोधन-प्रकल्पांची माहिती तिथे आहे. आपल्या विषयाचे शब्द टाकून गेल्या दहा वर्षांत कोणाला पैसे मिळाले, कोण को-ऑर्डिनेटर (संघाचा प्रमुख) होता, किती रक्कम होती, काय निष्पन्न झालं, हे सगळं पाहता येतं. त्याचे दोन फायदे होतात. आधीच झालेलं काम नवं म्हणून मांडायची नामुष्की टळते, आणि भागीदारांची नावं आयती हातात येतात.

तरीही शंका उरली, तर राष्ट्रीय संपर्क केंद्राला लिहा. युरोपीय संघाच्या आणि संलग्न देशांत, तसंच इतर अनेक देशांत, अशी माणसं नेमलेली आहेत आणि त्यांचा सल्ला मोफत असतो. त्यांना पूर्ण प्रस्ताव पाठवू नका. एका पानाचा सारांश आणि दोन नेमके प्रश्न पाठवा. ‘आमची कल्पना कशी वाटते’ असं विचारलं की उत्तरही गुळमुळीत येतं.

भागीदार

संघ जमवताना मोठ्या नावांच्या मागे धावू नका. आधी कामांची यादी करा, मग प्रत्येक कामासाठी माणूस शोधा. आमच्या यशस्वी प्रकल्पात आठ भागीदार होते. त्यांतला सगळ्यांत मोलाचा ठरला कापड रंगवणारा एक लहान कारखाना, कारण मेम्ब्रेन प्रत्यक्ष सांडपाण्यावर त्याच्याकडेच तपासली जाणार होती. संशोधनाचा अंतिम वापर करणारा कोणीतरी संघात असला की प्रस्तावाचा परिणामांचा भाग खरा वाटायला लागतो.

पहिल्याच पत्रात भागीदाराला चार गोष्टी कळवा: कॉलचा क्रमांक, त्याच्याकडून अपेक्षित काम, अंदाजे रक्कम आणि उत्तर कधीपर्यंत हवं ती तारीख. ज्याला लिहिण्याच्या काळात तीन-तीन आठवडे उत्तर द्यायला वेळ मिळत नाही, त्याला प्रकल्पातही मिळणार नाही. अशा वेळी सभ्यपणे दुसरा शोधलेला बरा.

लिहिताना

सामूहिक प्रकल्पाला तीन निकषांवर गुण मिळतात: उत्कृष्टता, परिणाम आणि अंमलबजावणी. प्रत्येकी ५, एकूण १५. प्रत्येक निकषात किमान ३ आणि एकूण किमान १० हवेत, पण १० म्हणजे फक्त चाळणी पार करणं. मी पाहिलेल्या याद्यांत निधी मिळाला तो बहुधा १३ च्या वर. उद्योगाच्या जवळच्या नवोपक्रम प्रकल्पांत क्रमवारी लावताना परिणामाला दीडपट वजन असतं.

उत्कृष्टतेचा भाग संशोधकांना जमतो, त्याबद्दल एवढंच सांगते की उद्दिष्टं मोजता येतील अशी लिहा. ‘तुंबण्याचं प्रमाण कमी करणार’ असं नको. किती कमी, कशाच्या तुलनेत, किती तास चालवल्यावर, हे हवं.

परिणाम या शब्दाला मात्र बरेच जण घाबरतात आणि मोठमोठी वाक्यं लिहितात. मूल्यांकनकर्त्याला एक साखळी हवी असते. प्रकल्पातून काय हाती येईल, ते कोण वापरेल, त्याने वापरल्यावर काय बदलेल, आणि तो बदल मोठ्या प्रमाणावर व्हायला आणखी काय लागेल. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात आम्ही त्या कारखान्यापासून सुरुवात केली. तो रोज किती पाणी वापरतो, त्यातलं किती परत वापरता येईल, त्यासाठी विजेचा खर्च किती येईल, आणि त्याच्यासारखे कारखाने हे तंत्र का घेणार नाहीत. हा शेवटचा प्रश्न लिहायला आम्ही कचरत होतो. अडथळे लिहिले तर गुण कापतील अशी भीती होती. झालं उलटं. अहवालात अडथळ्यांच्या मांडणीचं वेगळं कौतुक केलेलं होतं. वाचणाऱ्यालाही ते अडथळे माहीत असतात, आणि ते तुम्हालाही दिसले आहेत का, हे तो तपासत असतो.

जोखमींच्या तक्त्याचंही तसंच. ‘भागीदार सोडून गेला’, ‘उशीर झाला’ अशा कुठेही चालतील अशा ओळी भरू नका. तुमच्याच प्रयोगाची जोखीम लिहा. माझ्या पहिल्या प्रस्तावात ‘मेम्ब्रेन फाटली तर’ ही ओळ असती, तर चारपैकी एक शेरा तरी वाचला असता.

अंमलबजावणीत काम वर्क पॅकेजमध्ये, म्हणजे कामांच्या वेगवेगळ्या गटांत, विभागायचं असतं. प्रत्येकाचा प्रमुख एक, सुरुवात आणि शेवटाचे महिने ठरलेले, आणि कोण किती मनुष्यमहिने (एका माणसाचं महिनाभराचं काम म्हणजे एक) देणार याचे आकडे. हे आकडे तीन ठिकाणी येतात: मजकुरात, तक्त्यात आणि बजेटमध्ये. तिन्ही ठिकाणी ते एकच असले पाहिजेत. हे सांगायची गरज वाटत नाही, पण वाचायला बसलं की विसंगती हमखास सापडते, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास डळमळतो. शेवटच्या आठवड्यात एका व्यक्तीला फक्त हेच काम द्या.

पानांची मर्यादा पाळा. जादा पानं मूल्यांकनकर्त्याला दिसतच नाहीत, आणि शेवटची पानं नेमकी अंमलबजावणीची असतात. फेलोशिपच्या अर्जात मुख्य मजकुराला फक्त दहा पानं मिळतात. तिथे गुणांची विभागणी उत्कृष्टता ५० टक्के, परिणाम ३० आणि अंमलबजावणी २० टक्के अशी असते, आणि पानांची वाटणीही साधारण तशीच ठेवावी.

बजेट

संशोधन प्रकल्पांत पात्र खर्चाच्या १०० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळते. नवोपक्रम प्रकल्पांत नफा कमावणाऱ्या संस्थेला ७० टक्क्यांपर्यंत, इतरांना १०० टक्क्यांपर्यंत. त्यावर वीज, इमारत, कार्यालय अशा अप्रत्यक्ष खर्चासाठी थेट खर्चाच्या सरसकट २५ टक्के धरले जातात, मात्र उपकंत्राटाची रक्कम त्या हिशेबातून वगळायची असते. यंत्र विकत घेतलं तर सहसा पूर्ण किंमत मिळत नाही, प्रकल्पाच्या काळातला घसाराच मिळतो. आम्ही एकदा एका पंप-संचाची पूर्ण किंमत धरली होती. संस्थेच्या लेखा विभागातल्या बाईंनी ती वेळेत पकडली म्हणून निभावलं. लेखा विभागाला शेवटच्या दिवशी सही घेण्यापुरतं भेटू नका, पहिल्या आठवड्यात भेटा.

हल्ली बऱ्याच कॉलमध्ये एकरकमी पद्धत असते. तिथे खर्चाच्या पावत्या तपासल्या जात नाहीत, वर्क पॅकेज पूर्ण झालं की त्याची ठरलेली रक्कम मिळते. सोपं वाटतं, पण एखादं काम अपुरं राहिलं तर त्या पॅकेजचे पैसे अडकतात. म्हणून तिथे चार वर्षं चालणारं एकच अवाढव्य पॅकेज करू नका, टप्प्यांत तोडा.

सादर करताना

होरायझनचे सगळे अर्ज युरोपीय आयोगाच्या निधी व निविदा पोर्टलवरून जातात. संस्थेचा नऊ अंकी सहभाग-क्रमांक आधी लागतो. तो आहे का, हे दोन महिने आधी तपासा. मोठ्या संस्थांमध्ये तो बहुधा असतो आणि संशोधकाला माहीत नसतो. नवा काढला जातो आणि मग एकाच संस्थेचे दोन क्रमांक होऊन घोळ होतो. युरोपीय संघातली किंवा संलग्न देशातली सार्वजनिक संस्था, विद्यापीठ किंवा संशोधन संस्था असेल, तर लिंगसमानतेचा आराखडाही लागतो.

कॉल सहसा ब्रुसेल्सच्या घड्याळाप्रमाणे संध्याकाळी ५ वाजता बंद होतो. आमच्या एका भागीदाराने ५ म्हणजे आपल्याकडचे ५ असं धरलं होतं. प्रत्येक भागीदाराला त्याच्या स्थानिक वेळेत तास आणि मिनिटांसह लिहून कळवा. युरोपात उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात घड्याळ तासाने सरकतं, तेही लक्षात ठेवा. पोर्टलवर एकदा सादर केलेला प्रस्ताव मुदत संपेपर्यंत कितीही वेळा बदलून पुन्हा सादर करता येतो आणि शेवटचा ग्राह्य धरतात. म्हणून आठवडाभर आधीच अर्धाकच्चा का होईना, एक मसुदा चढवून ठेवा. चढवलेली फाइल उतरवून पुन्हा उघडून पाहा. आमच्या एका आलेखातली सगळी अक्षरं रूपांतरात चौकोन झाली होती, ती अशीच सापडली.

निकालानंतर

मुदत संपल्यापासून साधारण पाच महिन्यांत निकाल आणि त्यानंतर तीन महिन्यांत करार, असा नियम आहे. निवड झाली तर करार-वाटाघाटीच्या काळातच भागीदारांचा आपसातला करार उरकून घ्या. शोधाची मालकी कोणाची, लेख छापण्याआधी किती दिवस आधी कळवायचं, कोणी सोडून गेलं तर काय, हे सर्व, सगळे सगळ्यांशी गोड असतानाच ठरवावं. त्यासाठी डेस्का नावाचा तयार नमुना मिळतो. विदा-व्यवस्थापनाचा (डेटा कसा जपायचा आणि वापरायचा याचा) आराखडा सहाव्या महिन्यापर्यंत द्यायचा असतो, आणि शोधनिबंध प्रसिद्ध झाल्याबरोबर सर्वांना मोफत वाचता यायला हवेत.

नकार आला तर अहवाल त्याच दिवशी वाचा, पण उत्तर लिहायला बसू नका. फेरतपासणी फक्त प्रक्रियेतल्या चुकीसाठी मागता येते, तीही ३० दिवसांत. तज्ज्ञांचं मत पटलं नाही, हे कारण तिथे चालत नाही. दोन आठवड्यांनी अहवाल पुन्हा काढा आणि प्रत्येक शेऱ्यासमोर लिहा: हे प्रस्तावात होतं का? होतं तर कोणत्या पानावर? मी हे करायला बसले तेव्हा पहिले दोन शेरे अन्यायाचे वाटले. पान शोधायला गेले, तर पानच सापडलं नाही. तोच विषय दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या कॉलसाठी, कारखान्याला सोबत घेऊन पुन्हा लिहिला आणि त्याला निधी मिळाला. फेलोशिपमध्ये मात्र गुण ठरावीक मर्यादेच्या खाली गेले, तर पुढच्याच वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही. म्हणून अर्धवट तयारीने ‘बघू तरी’ म्हणून अर्ज टाकू नका.

एक काम निकालाची वाट न पाहता आजच करता येतं. त्याच पोर्टलवर तज्ज्ञ म्हणून नाव नोंदवा. त्यासाठी प्राध्यापक असावं लागत नाही, उद्योगातली माणसंही हवी असतात, आणि या कामाचं मानधनही मिळतं. नोंदणीत विषयाचे शब्द नेमके लिहा. ‘पाणी’ किंवा ‘रसायनशास्त्र’ एवढंच लिहिलं तर शोधात तुमचं नाव वर येत नाही. मी ‘मेम्ब्रेन तुंबणं’, ‘कापड-उद्योगाचं सांडपाणी’, ‘लवण-नियंत्रण’ असे शब्द घातल्यावर पुढच्याच वर्षी बोलावणं आलं. ज्या कॉलसाठी स्वतः अर्ज केला असेल, त्याचं मूल्यांकन मात्र करता येत नाही, म्हणून बोलावणं आलं की आधी आपण त्या कॉलमध्ये कुठे भागीदार आहोत का, ते तपासा आणि असाल तर लगेच कळवा.